चापानाच्या अस्तरातली पट्टी

१

झैनेगुलनं चापान माझ्या टेबलावर आपटला तेव्हा मी नुकताच एक कणकेचा तळलेला बोरसोक तोंडात कोंबला होता, म्हणून तिच्या पहिल्या चार-पाच वाक्यांना मला उत्तर देता आलं नाही. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. घरून कपडे न्यायचे, ड्रायक्लीन करायचे आणि घरपोच द्यायचे, असा धंदा बिश्केकमध्ये हल्ली कुणीही उठून काढतं. माझी लाँड्री टिकली, कारण माझ्याकडून कुणाचं बटणसुद्धा हरवलेलं नाही.

"बघा, कानिशाय एजे," ती म्हणाली. "नीट बघा, आणि मग सांगा मला, तुमचा माणूस चोर आहे की नाही."

तो लांब झगा माझ्या ओळखीचा होता. गडद निळं मखमल, काठाला सोनेरी वेल, छातीवर चांदीचे जाड आकडे. तिच्या सासऱ्यांचा, शामिरकान आजोबांचा. शनिवारी आजोबांना पंच्याण्णव वर्षं पुरी होणार होती आणि हाच चापान घालून ते पाहुण्यांत बसणार होते. आम्ही तो कालच धुऊन, इस्त्री करून घरी पोचवला होता.

तिनं खालचा काठ उलटा केला. आतल्या अस्तराची चार बोटं रुंद पट्टी गायब होती.

"चांदीचे आकडे तर जागच्या जागी आहेत," मी म्हटलं.

"आकड्यांचं काय घेऊन बसलात? त्या काठात सासूबाईंनी काहीतरी शिवून ठेवलं होतं. घरात सगळ्यांना माहीत आहे. सोन्याची मोहर असणार. आजोबांना विचारलं की ते नुसते हसतात."

"आणि घेतली कुणी म्हणतेस?"

"तुमच्या त्या लंगड्या ड्रायव्हरनं. कपडे न्यायला आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष कुठे होतं? आजोबांच्या हट्टापायी सोमवारपासून अंगणात हा पसारा, सरपण काय, तळण काय. कांदे चिरून चिरून डोळे सुजले होते माझे. मी सफरचंद दिलं तर घेतलं नाही त्यानं. मान खाली, डोळ्याला डोळा नाही. भाकरीचा तुकडा तोडून तोंडात टाकला, छातीवर हात ठेवला आणि पळाला. मन साफ असलेला माणूस असा वागतो होय?"

हे मात्र खरंच विचित्र होतं. मिर्झाकूल म्हणजे दारात उभ्या उभ्या दोन चुटके सांगून सफरचंद खिशात टाकणारा माणूस. त्याची गाडी गल्लीत शिरली की आधी त्याचं गाणं ऐकू येतं.

"उद्या दुपारपर्यंत पट्टी आली नाही तर मी पोलिसांत जाणार," झैनेगुल म्हणाली. "आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर त्याचा फोटो पाठवणार."

या कामात लोक परक्या माणसाच्या हातात दारातच आपले फरचे कोट ठेवतात, खिसेसुद्धा न तपासता. एकदा नाव खराब झालं की त्याला एकही दार उघडायचं नाही. मॉस्कोत बांधकामावर पाय मोडून तो परत आला तेव्हा त्याला कुणी उभं करत नव्हतं. घरात चार मुली.

मी वळून पाहिलं. मिर्झाकूल दारात उभा होता, हातात रिकाम्या हँगरांचा जुडगा. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो झैनेगुलकडे नाही, तर आतल्या खोलीकडे बघत होता.

"मीच घेतली, एजे," तो म्हणाला.

२

झैनेगुल "बघितलंत?" म्हणून तरातरा निघून गेली. चापान तिनं पुरावा म्हणून माझ्याच टेबलावर ठेवला. मी मिर्झाकूलला वाट्टेल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि त्याचं ते ऐकून घेणंच मला खुपायला लागलं.

तेवढ्यात मामबेतकूल आके आले; आमच्याकडे थोरल्या पुरुषाला आके म्हणतात आणि बाईला एजे. आके पूर्वी पोलिसांत तपासाचं काम करायचे. आता ते दर आठवड्याला त्यांचे पांढरे शर्ट घेऊन येतात. शर्ट घरी पोचवायची सोय असताना स्वतः येतात, कारण घरी बायको जॅम मोजून देते आणि मी देत नाही. खुर्ची ओढून त्यांनी चहात रासबेरीचा जॅम टाकला आणि खिशातला लाकडी चमचा काढून ढवळला. हा चमचा त्यांच्या मावशीच्या मयताच्या जेवणातून त्यांनी लांबवलेला. मावशी अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली होती. आमच्याकडे भरपूर जगून गेलेल्या माणसाच्या घरून चमचा, वाटी, कापडाचा तुकडा, काहीतरी गुपचूप उचलून आणतात, त्याच्यासारखं आयुष्य आणि पोरंबाळं आपल्या घरालाही लाभावीत म्हणून. त्याला तेबेरिक म्हणतात, आणि चोरी म्हणत नाहीत.

मी सगळी हकिगत सांगितली. आक्यांनी चापान मांडीवर घेतला, काठ उजेडात धरला, मग मिर्झाकूलला समोर बसवलं.

"कशानं कापलीस रे?"

"चाकूनं."

"आत काय होतं?"

"मोहर. सोन्याची."

"कुठाय?"

"विकली."

"आणि पट्टी?"

"फेकली. कालव्यात."

आक्यांनी चमचा चाटून खाली ठेवला. "मॉस्कोत इतकी वर्षं राहून खोटं बोलायलाही शिकला नाहीस," ते म्हणाले. "कानिशाय, इकडे ये. हे दोरे बघ."

मी वाकून पाहिलं. कडेला दोऱ्यांची पिंजारलेली टोकं दिसत होती, आणि त्यांवरून निळ्या रेशमानं बारीक, नेटकी शिलाई घातलेली होती.

"चाकूनं कापलं तर कड सरळ निघते. ही हातानं फाडलीय. आणि फाडल्यावर कुणीतरी बसून, रंगाला रंग जुळवून, कड शिवलीय, अस्तर पुढे उसवू नये म्हणून. घर फोडून जाताना दाराला कडी लावणारा चोर पाहिलायस तू?" मग ते मिर्झाकूलकडे वळले. "कुणाला वाचवतोयस?"

मिर्झाकूल खाली वाकून हँगर मोजायला लागला.

"ह्यानं घेतलेली नाही," आके मला म्हणाले. "पण कुणी घेतली ते ह्याला पक्कं ठाऊक आहे."

३

माझ्याकडे आत दोनच माणसं. मशीनवर वित्या आणि इस्त्रीवर आक्मारल.

वित्या रशियन. पगाराच्या दिवशी थोडी घेतो, पण कपड्याला हात लावताना जीव ओततो. आक्यांनी विचारल्यावर तो आधी फुरंगटला.

"मोहर? कसली मोहर? मशीनमध्ये टाकण्याआधी मी प्रत्येक काठ बोटांनी चाचपतो. एक पिन राहिली तर माझं मशीन बोंबलेल. त्या काठात टणक असं काही नव्हतं. हां, ती पट्टी वेगळी होती. बाकी अस्तर रेशमी आणि ती तेवढी सुती, फुलाफुलांची, जुनी. टाकेही सैल. रंग जाईल म्हणून मी आधी ओल्या फडक्यानं घासून पाहिलं."

"आणि मशीनमधून काढल्यावर?"

"होती की. रंग उतरला का ते पुन्हा बघितलं ना मी."

"त्या दिवशी आणखी काही?"

वित्यानं डोकं खाजवलं. "मिर्झाकूल ती पिशवी दोन्ही हातांवर घेऊन आला, लहान मूल आणावं तशी. मला म्हणाला, रेडिओ बंद कर. आक्मारलला काहीतरी बोलला तुमच्या भाषेत. मग दोघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. असेल तुमची काहीतरी रीत. मी बंद केला रेडिओ."

माझी स्वारी त्या वेळी पुढच्या खोलीत फोनवर होती. एका बाईला सोफ्याची कव्हरं सकाळी हवी होती की संध्याकाळी, हे तिचं ठरत नव्हतं.

मग आम्ही आक्मारलकडे गेलो. तिचं टेबल हल्ली खिडकीशी आहे. महिन्यापूर्वी तिनं ते हलवायला लावलं, मशीनच्या वासानं डोकं दुखतं म्हणून. तिथे थंडी येते आणि वाफ खिडकीबाहेर जाते, हे मी तिला दहादा सांगितलं. इतकी वर्षं डोकं दुखलं नाही ते आत्ताच कसं दुखायला लागलं, असंही बोलले. तिनं ऐकलं नाही. वर मिर्झाकूल तिला रोज गाडीतून घरी सोडायला लागला, त्यावरही मी कुरकुर केली होती.

"तू काय केलंस ग, चापानाचं?" आक्यांनी विचारलं.

"इस्त्री केली, आके. आतल्या बाजूनं. मखमल दबू नये म्हणून."

तिच्या हाताशीच खिळ्याला कात्री टांगलेली होती. आक्यांनी कात्रीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात जळका वास आला. आक्मारल इस्त्री शर्टावर ठेवून विसरली होती. एवढ्या वर्षांत तिनं कुणाची कॉलर जाळली नव्हती, आणि जळली ती नेमकी आक्यांच्या शर्टाची.

मला वाटलं आता आके बरसणार. त्यांनी हळूच इस्त्री उचलून उभी ठेवली आणि मला बाहेर नेलं.

"मिर्झाकूलला गाडी काढायला सांग. झैनेगुलच्या गल्लीत जायचंय. घरात नाही जायचं, नुसतं लांबून बघायचंय."

४

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. मी काच खाली केली आणि माझाही हात आपोआप चेहऱ्याकडे गेला, कुणी गेल्याचं कळलं की जातो तसा.

झैनेगुलच्या अंगणात युर्त उभा होता. लोकरीच्या नमद्याचा, राखाडी, गोल तंबू. शेजारी सरपणाचा ढीग, धूर सोडणारा चहाचा सामोवार, कढईत तळणाचा वास, आत-बाहेर करणारी माणसं. शहरात असा युर्त दिसला की आम्ही आवाज खाली आणतो. इथे वाढदिवस हॉटेलात होतात, लग्नं हॉटेलात होतात. अंगणात युर्त उभा राहतो तो घरातलं कुणी गेलं तरच.

"सांग आता, मिर्झाकूल," आके म्हणाले.

मिर्झाकूलनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मला वाटलं आजोबा गेले. युर्त होता, तळण चाललेलं, बाईचे डोळे लाल. म्हणाली, आजोबांचा चापान आहे, शनिवारी लोक येतील, तोवर स्वच्छ हवा. मला वाटलं, गेलेल्याचे कपडे नातेवाइकांत वाटतात, त्यासाठी हवाय. मयताच्या घरी विनोद काय करायचे, सफरचंदं काय घ्यायची? भाकरी तोंडाला लावली आणि निघालो. लाँड्रीत येऊन सांगितलं, शामिरकान आजोबा गेले, पंच्याण्णवाव्या वर्षी, भरल्या घरात."

"आणि तिथे एक जण असं होतं," आके म्हणाले, "ज्याला पंच्याण्णव वर्षं जगलेल्या माणसाचं तेबेरिक हवं होतं. तेबेरिक कात्रीनं कापत नाहीत, हातानं फाडतात. कात्री हाताशी असून तिनं फाडलं. चांदीला बोटही लावलं नाही. आणि गेलेल्या माणसाचा मान म्हणून कड शिवून ठेवली. तुझ्या घरात चार मुली नांदतायत, तुला त्याची गरज नाही. वित्याला तर ते काय असतं हेही माहीत नाही. राहिली ती, जिला मशीनचा वास अचानक सोसेनासा झालाय आणि जिला तू जपून घरी सोडतोयस."

मी कपाळावर हात मारला. तीन वेळा पोटातलं पोर जाऊन मोडलेली बाई, आणि मी तिला खिडकीवरून बोलत होते. मला माझीच लाज वाटली.

"मग खरं सांगायचं सोडून, मी घेतली म्हणून का बोंबललास?" मी ओरडले.

"एजे, आजोबा जिवंत आहेत हे ऐकलं तेव्हा मी आत पाहिलं. ती भिंतीला धरून उभी होती. चूक माझी. माझ्या तोंडून खोटी बातमी गेली. तिला पाचवा महिना लागलाय, याच्या पुढे ती कधी गेलेली नाही. पोलीस, आरडाओरडा… काही झालं असतं म्हणजे?"

लाँड्रीत परतलो तर आक्मारल पुढच्या खोलीत बसून होती. तिनं स्वतःहून झग्याखाली कमरेला बांधलेली फुलाफुलांची पट्टी सोडली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मिर्झाकूल आक्यांनी काही केलं नाही," ती म्हणाली. "मला चोरीचं भय नाही, एजे. पण मी जिवंत म्हाताऱ्या माणसाचं तेबेरिक फाडलं. त्यांचं मरण मागितलं मी. आता माझ्या पोराचं काय होईल?"

आक्यांनी चापान घडी करून काखेत घेतला. "हे एकाच माणसाला विचारता येईल," ते म्हणाले.

५

शामिरकान आजोबा युर्तच्या आत मधोमध उशांना टेकून बसले होते, बारीकसे, डोळ्यांवर जाड चष्मा. झैनेगुल आमच्या मागे आत शिरली. "पोलीस आणलेत का?" तिनं विचारलं.

आक्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. युर्त पाहून मिर्झाकूलला काय वाटलं तिथवर आले तेव्हा झैनेगुल सासऱ्यांवर उखडली. "मी सांगत नव्हते? युर्त नको, लोक म्हणतील म्हातारा गेला!"

"माझा जन्म युर्तमधला," आजोबा म्हणाले. "माणूस मेला की त्याच्यासाठी युर्त उभा करतात आणि त्यालाच तो बघायला मिळत नाही. मला बघायचा होता." मग ते मिर्झाकूलकडे वळले. "माझ्यासाठी रेडिओ बंद करवलास?"

"हो, आजोबा."

"शहाणा आहेस. माझ्या पोरांनी टीव्हीसुद्धा बंद केला नसता."

आक्मारल गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पट्टी पुढे केली. आजोबांनी पट्टी घेतली, डोळ्यांजवळ नेली, बोटांनी चोळली. कपाळावर आठ्या चढल्या. मला वाटलं, रागावले.

"मोहर म्हणे," ते म्हणाले. "सुनबाई, ह्यात कधीही मोहर नव्हती. आम्हाला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. नारीन गावी आमच्या शेजारी एक म्हातारी वारली, शंभरी गाठलेली. तुझी सासू तिच्या मयताला गेली आणि तिच्या पांघरुणाची ही पट्टी फाडून बाहीत लपवून घेऊन आली. मागायची लाज वाटली तिला. माझ्या चापानाला शिवून टाकली, म्हणजे कुणी विचारायला नको. पुढच्या वर्षी तुझा नवरा जन्मला."

झैनेगुल उभी होती ती खाली बसली. तिची लेक ओश शहरात दिलेली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हललेला नाही, आणि झैनेगुल तिच्याविषयी कुणाशी फारसं बोलत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"तू माझं तेबेरिक घेतलंच नाहीस, पोरी," आजोबा आक्मारलला म्हणाले. "ती म्हातारी कधीच वारली. तिचं होतं ते तू घेतलंस. बांध परत कमरेला. पण उसनी देतोय हं. तुझं मूल चालायला लागलं की त्यानं स्वतःच्या पायानं येऊन मला परत द्यायची. तोवर मला मरायला सवड नाही."

आक्मारल हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू? मिर्झाकूलच्या हातात झैनेगुलनं सफरचंद ठेवलं. एक ठेवलं, मग दुसरंही.

शनिवारी आजोबा तोच चापान घालून बसले. काठ तसाच होता, पट्टीवाचून. काठाकडे टक लावून बघणाऱ्या एका पाहुण्याला ते म्हणाले, "लाँड्रीला दिलीय."

६

मागच्या उन्हाळ्यात त्या अंगणात पुन्हा युर्त उभा राहिला. मिर्झाकूल आम्हाला गाडीतून घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाणं थांबवलं आणि आमच्यापैकी कुणीही बोलेना. आक्मारलनं मांडीवरच्या लेकीला घट्ट धरलं. फाटकापाशी मिर्झाकूल उतरला, या खेपेला मान खाली न घालता, आणि त्यानं हाक मारली, "आजोबा, आहात का?"

"आहे," आतून बारीक आवाज आला. "बूट काढून आत या."

पोरगी पट्टी एका मुठीत धरून निघाली. उंबऱ्याशी पडली, उठली, पुन्हा पडली, आणि शेवटी आजोबांच्या गुडघ्याला धडकून थांबली. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी चाचपत पट्टी घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडातल्या तोंडात आशीर्वाद पुटपुटले.

"उद्या शिवून टाक हो, सुनबाई," असं म्हणून त्यांनी पट्टी उशीशी ठेवली.

चहा आला. सगळे पोरीभोवती जमले. माझी नजर एरवीही कपड्यांवरच असते, म्हणून मला दिसलं. झैनेगुलनं इकडेतिकडे पाहिलं आणि उशीजवळची पट्टी हळूच आपल्या बाहीत सरकवली. थोड्या वेळानं आजोबांनी उशीशी हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. ते नुसते हसले.

तिनं मान वर केली तेव्हा आमची नजरानजर झाली. मी पटकन एक बोरसोक उचलून तोंडात कोंबला, म्हणजे मला काही बोलायला नको.